मोठ्यांची कट्टी

शाळेत असताना मैत्री मोडणे फार सोपे होते. करंगळी पुढे केली, 'कट्टी' म्हटले की काम झाले. मधल्या सुटीत चिंचेच्या एका बुटकावर बट्टीही होऊन जाई. मोठेपणी ही सोय राहत नाही. लग्न मोडायला काडीमोड आहे, कोर्टकचेऱ्या आहेत. मैत्री मोडायला मात्र ना शब्द, ना विधी. म्हणून आतून केव्हाच विझलेले स्नेह वर्षानुवर्षे नुसत्या भिडेपोटी चालू राहतात. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटे नाही. इथे भीक लागते ती वेळेची, एवढेच.

माझा एक मित्र होता. (होता म्हणावे की आहे, हे मला अजून नीट उमगलेले नाही.) अगदी अकरावीपासूनचा. संध्याकाळी सहाच्या सुमारास तो माझ्या खोलीवर यायचा, माझ्याच खाटेवर पसरायचा आणि सुरू व्हायचा. विषय तीनच. घरच्यांनी केलेला अन्याय, सरांनी केलेला अन्याय आणि एका मुलीने केलेला अन्याय. आठ वाजता मेसची वेळ झाली की स्वारी प्रसन्न मुद्रेने उठे. "तुझ्याशी बोललं की कसं हलकं वाटतं बघ!" म्हणे. वाटणारच. सगळे ओझे तो माझ्या खोलीत ठेवून जात होता.

एकदा मी माझ्या आजीच्या आजारपणाविषयी सांगू लागलो. दुसऱ्याच वाक्याला त्याला त्याचे मामा आठवले आणि आजी तिथेच राहिली.

एके रात्री मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. रोजचे दोन तास, आठवड्याचे सहा दिवस, सत्राचे पंधरा आठवडे. एकूण १८० तास, म्हणजे साडेसात अहोरात्र! पण हिशेब मांडायचा तर जमेची बाजूही मांडायला हवी. बारावीत असताना माझे वडील अकरा दिवस दवाखान्यात होते. त्या अकराही दिवशी सायकलवरून आमचा डबा यानेच पोचवला होता. अशा माणसाला 'उद्यापासून येऊ नकोस' कोणत्या तोंडाने सांगायचे?

तत्त्वज्ञानाच्या तासाला ॲरिस्टॉटल निघाला तेव्हा मी कधी नव्हे तो कान देऊन ऐकले. त्याच्या नीतिशास्त्राच्या दहा भागांपैकी आठवा आणि नववा, असे दोन भाग मैत्रीवरच आहेत. उपयोगाची, सुखाची आणि सद्गुणाची असे मैत्रीचे तीन प्रकार त्याने केले, हे परीक्षेपुरते सर्वांनाच पाठ असते. पण नवव्या भागात तो चक्क मैत्री संपवण्याचा प्रश्न घेतो. दोघे लहानपणचे मित्र, एक वाढला, दुसरा तिथेच राहिला, तर काय करावे? मैत्री पूर्वीसारखी राहणार नाही, हे तो मान्य करतो. मात्र जुन्या मित्राला परक्यासारखे वागवू नये, जुन्या सलगीची आठवण ठेवावी, असेही बजावतो. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या ग्रीक गृहस्थाकडेही संध्याकाळी सहाला कोणी येत असावे, अशी मला दाट शंका आहे.

मला त्यातून वाट मिळाली. सोडायचे ते दोन तास, डब्याचे ऋण नव्हे. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितले, "उद्यापासून सहा ते आठ मी ग्रंथालयात बसणार. रविवारी सकाळी चहाला ये." तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "मोठा अभ्यासू झालास!" आणि गेला. रविवारी आलाच नाही. पुढच्याही नाही.

पहिले चार दिवस ग्रंथालयात माझ्याने एक पान वाचवेना. खुर्ची ओढल्याचा आवाज झाला तरी तोच आला असे वाटे. तो माझ्यावाचून कासावीस झाला असेल, अशीही एक सुप्त समजूत होती. आठवडाभरात ती उतरली. कँटीनच्या कोपऱ्यात त्याला नवा श्रोता मिळाला होता. मला सुटल्यासारखे वाटले आणि अपमानही वाटला, दोन्ही एकदमच.

आता जिन्यात भेटलो की हसतो. परीक्षेच्या आधी त्याने माझ्या टिपणांच्या वह्या मागितल्या, मी दिल्या. वेळेवर परतही आल्या. नवा श्रोता प्रथम वर्षाचा आहे, गावाकडून आलेला. समोरचा चहा निवतो तरी बिचारा मान डोलवत असतो. त्याला बाजूला घेऊन काही सांगावे, असे कधीकधी वाटते. पण काय सांगणार? त्याच्याही घरी उद्या कोणी आजारी पडले, तर सायकल काढून डबा घेऊन जाणारा हाच असेल.