कोरे आणि निरंक

माझे वडील बेळगावातल्या एका पतसंस्थेत रोखपाल होते. एखाद्या दिवशी एखाद्या खात्यात काहीच उलाढाल झाली नाही, तरी ते तो रकाना रिकामा सोडत नसत. तिथे सुवाच्य अक्षरात ‘निरंक’ असे लिहीत. शाळेत असताना मी एकदा विचारले होते, ‘‘बाबा, काहीच नाही तर लिहायचं कशाला?’’ ते म्हणाले, ‘‘कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे रे. कोऱ्या रकान्यात उद्या कोणीही काहीही लिहील. निरंक लिहिलं म्हणजे मी बघितलं आणि काही नाही, असा त्याचा अर्थ.’’

मला तो कारकुनी किचकटपणा वाटला होता. त्याची किंमत कळायला पंचवीस वर्षे जावी लागली.

2016 साली उद्यमबागेतल्या एका कारखान्यासाठी मी एक प्रोग्रॅम लिहून दिला. ओतकामाचा नग मशीनवरून निघाला की त्याचा पृष्ठभाग सपाट आहे की नाही, हे त्यातून कळायचे. टोकाला बारीक गोळी असलेला प्रोब नगावर वीस-पंचवीस ठिकाणी टेकवायचा. प्रत्येक ठिकाणचे तीन आकडे संगणकात येतात. त्या सगळ्या बिंदूंच्या जास्तीत जास्त जवळून जाणारे प्रतल काढायचे आणि कोणता बिंदू त्याच्या किती वर, किती खाली आहे ते पाहायचे. हे गणित करताना आकड्यांचे गुणाकार तीन ओळी आणि तीन स्तंभांच्या चौकटीत, म्हणजे मॅट्रिक्समध्ये, एकावर एक मिळवत जावे लागतात.

अशा गणितासाठी सी प्लस प्लस भाषेत ‘आयगेन’ नावाची मोफत लायब्ररी आहे. जगभर वापरतात, अतिशय वेगवान आहे. ‘तीन बाय तीनची मॅट्रिक्स दे’ म्हटले की ती नऊ घरे मांडून देते. त्या घरांत शून्य मात्र भरत नाही. स्मृतीच्या त्या जागेत आधी जे पडले असेल तेच तिथे राहते. हा तिचा दोष नव्हे, मुद्दाम घेतलेला निर्णय आहे. हजार बाय हजारच्या मॅट्रिक्समध्ये दहा लाख घरे असतात. त्यांत आपण लगेच आपले आकडे भरणार असू, तर आधी दहा लाख शून्ये लिहिण्यात वेळ कशाला घालवायचा? शून्य हवे असेल तर तसे सांगा, ‘झीरो’ म्हणा, असा तिचा हिशेब. हे त्या लायब्ररीच्या माहितीत स्पष्ट लिहिलेले आहे. मी ते वाचलेही होते.

घरी प्रोग्रॅम तपासला तेव्हा उत्तर अगदी बरोबर आले. कारखान्यात मात्र आठवडाभरात चांगले दिसणारे नग नापास होऊन कोपऱ्यात साचू लागले. सुपरवायझरांचा फोन आला. मी गेलो, पाहिले, आणि प्रोब धरणाऱ्या शिकाऊ मुलाला चारचौघांत म्हणालो, ‘‘हात स्थिर ठेवायला शीक आधी. यंत्र खोटं बोलत नाही.’’ मुलगा काही बोलला नाही. मान खाली घालून उभा राहिला.

तीन दिवसांनी मी परत गेलो, तेव्हा त्याने खिशातून एक छोटी वही काढली. त्यात प्रत्येक नगाचा नंबर, वेळ आणि निकाल लिहिलेला होता. ‘‘सर, सकाळचा पहिला नग नेहमी बरोबर येतोय बघा. दुसऱ्यापासून बिघडतंय. चहाच्या वेळी संगणक बंद करून परत चालू केला, की परत पहिला बरोबर.’’

माझ्या पोटात गोळा आला. प्रोग्रॅम नुकताच सुरू झालेला असतो तेव्हा संगणक त्याला पुसून साफ केलेली जागा देतो, म्हणून माझ्या नऊ घरांत योगायोगाने शून्ये असत. पहिल्या नगाचे काम झाले की तीच जागा दुसऱ्या नगाला मिळे, आणि पहिल्याच्या बेरजा तशाच तिथे पडलेल्या असत. दुसऱ्याचे आकडे त्यावर चढत. घरी मी दर वेळी एकच नग तपासून प्रोग्रॅम बंद करत होतो. मग चूक दिसणार कशी? वडिलांच्या भाषेत सांगायचे तर निरंक न लिहिताच मी बेरीज सुरू केली होती.

दुरुस्ती एका शब्दाची होती. ती झाल्यावर मी बाकीचा प्रोग्रॅमही ओळ न ओळ तपासला. तेव्हा आणखी एक गोष्ट पक्की झाली, ती म्हणजे सुरुवात नेहमी शून्यानेच होते असे नाही. बेरजेची सुरुवात शून्याने, पण गुणाकाराची एकाने. सर्वांत लहान माप शोधायचे तर सुरुवात पहिल्याच मापाने करावी. शून्याने केली तर शून्यच सर्वांत लहान ठरते. आपण काय करायला निघालो आहोत, यावर कुठून निघायचे ते ठरते.

नापास ठरलेले नग पुन्हा तपासले. बहुतेक पास झाले. दुपारच्या चहाला सगळे जमले असताना मी त्या मुलाची माफी मागितली. ज्यांच्यादेखत बोललो होतो, त्यांच्यासमोरच मागायला हवी होती. तो नुसता हसला आणि म्हणाला, ‘‘असू दे सर.’’

घरी येऊन वडिलांना सारे सांगितले. लायब्ररी, मॅट्रिक्स यातले त्यांना काही कळले नसावे. पण मूळ गोष्ट बरोबर कळली. ‘‘आणि त्या पोराचं काय? तो चुकतोय हे तू कशावरून धरलंस?’’

उत्तर माझ्याकडे होते, ते सांगायला जीभ रेटेना. शिकाऊ आहे, डिप्लोमा अर्धवट सोडलेला आहे, असे कोणीतरी आधी माझ्या कानावर घातले होते. त्याचा रकाना मी कोरा समजून चाललो होतो. तो कोरा नव्हता.

आता कोणतेही नवे काम हातात घेताना मी आधी शून्य लिहितो. नव्या माणसाला भेटतानाही तेच करायचा प्रयत्न असतो. प्रोग्रॅममध्ये ते एका शब्दात होते; इथे अजून सराव चालू आहे.