बंद आहे की नाहीच?

व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हर्च्युअल मशीन सुरू करताना ‘व्हीटी-एक्स इज नॉट अव्हेलेबल’ असा संदेश आला, की वाचणारा एकच अर्थ लावतो: प्रोसेसर जुना आहे, नवा घ्यावा लागेल. माहूरच्या एखाद्या विद्यार्थ्याला हा अर्थ महागात पडू शकतो. लिनक्स शिकायला सेकंडहँड कॉम्प्युटर घेतलेला आणि जाणकाराला दाखवायचं तर नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. वास्तविक व्हीटी-एक्स, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवायला मदत करणारी प्रोसेसरमधली सोय, इंटेल 2005 पासून देत आली आहे. अनेकदा ती चिपमध्ये असते, पण बायोसमध्ये बंद असते किंवा विंडोजच्या हायपर-व्ही या हायपरव्हायझरने (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या थराने) आधीच ताब्यात घेतलेली असते. नसलेली, बंद केलेली आणि दुसऱ्याने अडवलेली सोय सॉफ्टवेअरने वेगवेगळी ओळखली पाहिजे आणि तशीच सांगितलीही पाहिजे.

हे ओळखता येतं. प्रोसेसरची माहिती देणाऱ्या सीपीयूआयडी सूचनेतला व्हीएमएक्सचा (म्हणजे व्हीटी-एक्सचा) बिट सोय आहे एवढंच सांगतो. वापरायची मुभा आहे का, ते हेक्स 3ए क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये असतं. मुभा न देता बायोसने त्याला कुलूप घातलं, तर मशीन रीसेट होईपर्यंत ऑपरेटिंग सिस्टीमलाही ते उघडता येत नाही. 2020 मध्ये लिनक्स 5.6 हे रजिस्टर सुरुवातीलाच तपासू लागलं: बंद सोय यादीतून काढायची आणि ‘बायोसने बंद केली’ असं लॉगमध्ये लिहायचं. व्हर्च्युअलबॉक्सही बायोसमधल्या बंदीसाठी निराळा संदेश देतं. घोळ होतो तो हायपर-व्हीपाशी. ते व्हीएमएक्सचा बिटच झाकतं, म्हणून सोय नसल्यासारखी दिसते. तरी खाली हायपरव्हायझर चालू असल्याचा वेगळा बिट असतो, आणि तो हायपरव्हायझर कोणाचा, हेही विचारता येतं.

बायोसचं कुलूप सॉफ्टवेअरलाच उघडता यावं, असं कोणी म्हणेल. ते मला पटत नाही. मालकाच्या नकळत ऑपरेटिंग सिस्टीमखाली हायपरव्हायझर सरकवता येतो, हे सुरक्षा-संशोधक योआना रुत्कोव्स्का यांनी 2006 मध्ये ‘ब्लू पिल’ने दाखवलं, तेव्हा कुलपाला कारण आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: कारणं कशाला सांगायची, संथ का होईना, व्हर्च्युअल मशीन चालवून द्यावं. व्हर्च्युअलबॉक्स 6.0 पासून हायपर-व्हीच्या वर चालतं आणि खालच्या पट्टीत कासव दाखवतं. अडून बसण्यापेक्षा हे बरंच. पण त्या कासवावरून, हायपर-व्ही चालू ठेवणारी विंडोजमधली ‘मेमरी इंटिग्रिटी’ तपासावी, हे नवख्याला कसं कळणार? ‘तुमच्या प्रोसेसरमध्ये ही सोय आहे, सध्या ती हायपर-व्हीकडे आहे,’ एवढं वाक्य तिथे हवं, आणि मराठीतही हवं.