वचनाचा शेजार

मराठी ख्रिस्ती घरात पाऊल टाकलं की समोरच्या भिंतीवर एखादं वचन असतंच. घर नगरचं असो, वसईचं असो की पुण्याच्या कॅम्पातलं. कुठे ते कॅलेंडरवर छापलेलं असतं, कुठे काचेच्या चौकटीत, कुठे लाकडी पाटीवर कुणी हाताने रंगवलेलं. टेम्पोच्या पुढच्या काचेवर एक वचन, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर एक आणि कबरीच्या दगडावरही एक. ही वचनं माणसांना सांभाळून नेतात. दवाखान्याच्या बाकावर, परीक्षेच्या सकाळी, नोकरी गेल्याच्या रात्री एक ओळ ओठांवर येते आणि पाय टेकवायला जागा मिळते. या सवयीला नावं ठेवावीत असं मला कधी वाटलं नाही.

पण कधीतरी त्या ओळीपाशी जरा जास्त रेंगाळावंसं वाटतं. हे कोण बोललं? कुणाला? त्याआधी काय घडलं होतं? हे प्रश्न पडले की अभ्यासाला सुरुवात झाली म्हणायची. त्यासाठी पदवी लागत नाही आणि पहिल्याच दिवशी हिब्रू यावं लागत नाही. थोडी सवड, एक वही आणि ओळीच्या वर-खाली नजर टाकण्याची तयारी, एवढ्यावर निघता येतं.

आज आपण सहज ‘योहान ३:१६’ म्हणतो, पण बायबलच्या लेखकांनी आपल्या लेखनावर असे आकडे घातले नव्हते. अध्याय पाडले गेले तेराव्या शतकाच्या सुरुवातीला; त्याचं श्रेय स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मगुरूला दिलं जातं. नव्या करारातल्या वचनांचे आजचे आकडे रोबेर एतिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ साली छापले. पौलाने पत्रं लिहिली त्यानंतर जवळजवळ पंधराशे वर्षांनी! मोजणीवाले शेतात दगड रोवतात, गट नंबर पडतात, सातबारे वेगळे होतात. जमिनीखालचं पाणी मात्र त्या दगडांपाशी थांबत नाही. वचनाचा आकडा हा तसाच एक दगड. पत्ता सांगायला तो उत्तम. पाणी शोधायचं तर हद्द ओलांडावी लागते.

भिंतींवर सगळ्यात जास्त दिसणाऱ्या वचनांपैकी एक घेऊ: यिर्मया, अध्याय २९, वचन ११. तुमच्याविषयी माझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे, ते तुमच्या भल्याचं आहे, पुढे आशा आहे, असा धीर परमेश्वर तिथे देतो. दहावीच्या मुलाला भेटकार्डावर हेच वचन मिळतं, आणि नवं दुकान टाकणाऱ्यालाही. आता हेच वचन त्याच्या शेजारात ठेवून वाचू.

हा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. इ.स.पूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम ताब्यात घेतलं आणि राजा, राजमाता, दरबारी, कारागीर, लोहार अशी हजारो माणसं उचलून बाबेलला नेली. मागे राहिलेल्या यिर्मया संदेष्ट्याने त्या परक्या मुलखातल्या आपल्या माणसांना हे पत्र धाडलं. पत्राच्या आधीचा, अठ्ठाविसावा अध्याय वाचला की तेव्हाची हवा कळते. हनन्या नावाचा एक संदेष्टा भर मंदिरात लोकांना सांगत होता, दोन वर्षं कळ काढा, सगळे परत येतील. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं लाकडी जू त्याने सर्वांदेखत मोडून टाकलं. ऐकणाऱ्यांना काय हवं होतं ते हनन्याला बरोबर कळलं होतं.

यिर्मयाचं पत्र नेमकं उलट सांगतं. घरं बांधा. मळे लावा आणि त्यांची फळं खा. मुलामुलींची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला कैद करून नेलं त्याच्या भल्यासाठी खटपट करा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे सामान बांधून दाराशी बसू नका, मुक्काम मोठा आहे. किती मोठा, ते दहाव्या वचनात येतं: सत्तर वर्षं. आणि त्याला लागून आपलं भिंतीवरचं अकरावं वचन.

सत्तर वर्षं हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून पुन्हा वाचा. पत्र ऐकणाऱ्या कर्त्या माणसांपैकी बहुतेकांच्या नशिबी परतीचा रस्ता नव्हता. इ.स.पूर्व ५३९ मध्ये पर्शियाच्या कोरेश राजाने बाबेल जिंकलं आणि यहुद्यांना परतायची मोकळीक मिळाली, तोवर एक पिढी तिथेच मातीआड झाली होती. आशा खरी होती, पण ती साऱ्या समाजाला दिलेली होती आणि नातवंडांच्या हाती पडणार होती. हे कळल्यावर भेटकार्डावरचं वचन खोटं ठरत नाही. त्याचं वजन वाढतं. उद्याच्या निकालापुरता धीर देणारी ओळ आता, मला फळ दिसणार नसलं तरी मळा लावायचा, एवढं मोठं काही मागू लागते. मला हे दुसरं वाचन जास्त कठीण वाटतं, आणि जास्त विश्वासाचंही.

वर-खाली न बघता वचन वापरण्याचा धोका बायबलनेच दाखवून ठेवला आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी नेतो, उडी टाक म्हणतो आणि पुष्टीला एक्क्याण्णवाव्या स्तोत्रातलं वचन काढून दाखवतो. देवदूत तुला झेलतील, असं शास्त्रातच लिहिलं आहे ना! वचन खरं, आकडा बरोबर, आणि हेतू पार वाकडा. येशू त्याला तीन वेळा उत्तर देतो आणि तिन्ही उत्तरं शास्त्रातलीच असतात. ती शोधायला गेलं की गंमत कळते. दोन उत्तरं अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली, एक आठव्यातली. इस्राएलच्या चाळीस वर्षांच्या रानातल्या वाटचालीची आठवण करून देणारा हा भाग, आणि उत्तर देणारा स्वतः चाळीस दिवस रानात उपाशी राहिलेला. एकाने सोयीची ओळ उचलली. दुसरा तो सबंध प्रसंग मनात मुरवून उभा होता. वचन पाठ असणं आणि वचन कळणं यांतलं अंतर याहून स्पष्ट कुठे दिसत नाही.

मग नवख्याने सुरुवात कुठून करावी? मी रूथचं नाव सुचवीन. अवघे चार अध्याय, एका बैठकीत वाचून होतात. त्यातलं एक वचन लग्नात फार वाचलं जातं: तू जाशील तिथे मी येईन, तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव. ऐकताना नवरा-नवरी डोळ्यांसमोर येतात. पुस्तक उघडलं की कळतं, हे एका सुनेने सासूला म्हटलेलं आहे. दोघीही विधवा. दुष्काळामुळे मवाब या परमुलखात गेलेली नामी नवरा आणि दोन्ही मुलं गमावून रिकाम्या हाताने बेथलेहेमला परत निघाली आहे. एक सून, अर्पा, रडत रडत माहेरी वळते. दुसरी हट्टाने बरोबर चालू लागते, आणि रस्त्यात उभं राहून हे बोलते. सासू-सुनेच्या नात्याची शेकडो गाणी जात्यावर ऐकलेल्या आपल्या मुलखात हा प्रसंग कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

दुसऱ्या अध्यायात रूथ बवाज नावाच्या माणसाच्या जवाच्या शेतात सरवा वेचायला जाते. आपल्याकडेही कापणीनंतर गोरगरीब शेतात सांडलेली कणसं वेचतात, तोच हा सरवा. बायबलच्या पानाच्या कडेला किंवा तळाला बारीक अक्षरांत संदर्भवचनं दिलेली असतात. नवखा वाचक ती सोडून देतो. त्यांतलं एक आपल्याला लेवीय १९ मध्ये नेतं. शेताची कापणी करताना कडेकोपरे साफ कापू नका, पडलेलं वेचू नका, ते गरिबाचं आणि परक्याचं, असा नियम तिथे आहे. म्हणजे बवाजाच्या शेतात रूथला मिळतं ती कुणाची मेहरबानी नव्हे, तो तिचा हक्क आहे. बवाजाचा चांगुलपणा सुरू होतो तो त्याच्याही पुढे, तो गड्यांना मुद्दाम पेंढ्यांतून कणसं गाळून ठेवायला सांगतो तेव्हा. दुसरा संदर्भ अनुवाद २३ मध्ये नेतो आणि तिथे ठेच लागते. मवाबी माणसाला परमेश्वराच्या मंडळीत दहाव्या पिढीपर्यंत थारा नाही, असं तिथे म्हटलं आहे. आणि रूथ तर मवाबी! तिचं पुस्तक मात्र संपतं ते ती दावीद राजाची पणजी झाल्याचं सांगून, आणि मत्तयाने दिलेल्या येशूच्या वंशावळीत तिचं नाव आहे. बायबल असं स्वतःशीच वाद घालताना सापडलं की घाबरून पान उलटू नये. तिथे वहीत खूण करावी. खोली बहुधा अशाच जागी असते.

एवढं झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारायची सवय लावावी: मी काय वाचतो आहे? बायबल हे ग्रंथालय आहे. प्रॉटेस्टंट परंपरेत ६६ पुस्तकं, कॅथलिक परंपरेत ७३. त्यात कायदे आहेत, इतिहास आहे, म्हणी आहेत, पत्रं आहेत, विलाप आणि प्रेमगीतं आहेत. नीतिसूत्रांतली म्हण जगाची सर्वसाधारण रीत सांगते. तिला करारपत्र समजून देवाशी भांडण काढू नये. पत्र वाचताना लिहिणारा कुठे बसला आहे ते पाहावं. मला सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर मी सगळं करू शकतो, हे फिलिप्पैकरांच्या पत्रातलं वचन खेळाडूंच्या सदऱ्यांवर झळकतं. पौलाने ते तुरुंगातून लिहिलं, आणि आधीच्याच वचनात तो उपाशी राहणं आणि पोटभर जेवणं या दोन्हींची सवय झाल्याचं सांगतो. स्तोत्रं ही कविता आहे, तिला कवितेसारखंच वाचावं. ११९ वं स्तोत्र १७६ वचनांचं. हिब्रूची २२ अक्षरं, प्रत्येक अक्षराला आठ वचनं आणि ती आठही त्याच अक्षराने सुरू होणारी. घाईने वाचलं तर तेच ते वाटतं; रचना दिसली की कुणीतरी मुळाक्षरांची माळ ओढत प्रार्थनेला बसलं आहे हे जाणवतं.

मराठी वाचकाला यात एक मोठा आधार आहे. हे शास्त्र आपल्या भाषेत आणण्यासाठी माणसांनी आयुष्यं घातली आहेत. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ साली छापलं गेलं. विल्यम कॅरीच्या बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनचा सगळा व्याप सांभाळत हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला, आणि साध्या बायकांनाही कळेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवलं. १९२२ साली त्या गेल्या, त्या हे काम हातावेगळं करूनच. अलीकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सुबोध बायबल सिद्ध केलं, त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. यांपैकी दोन भाषांतरं शेजारी ठेवून एकच अध्याय वाचून पाहावा. जिथे ती वेगळी बोलतात तिथे मुळातच काही अवघड आहे असं समजावं आणि टीकाग्रंथ तेव्हा उघडावा. आधी आपले डोळे, मग दुसऱ्याचा चष्मा.

एकट्याने मात्र फार काळ वाचू नये. प्रेषितांच्या कृत्यांत रथात बसून यशयाचं पुस्तक मोठ्याने वाचत चाललेला एक कूशी अधिकारी आहे. राणीचा खजिनदार, शिकला-सवरलेला. वाटेत भेटलेला सुवार्तिक फिलिप्प त्याला विचारतो, वाचता आहात ते समजतं का? तो म्हणतो, कुणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजणार? आणि फिलिप्पाला रथात शेजारी बसवून घेतो. मला हा माणूस आदर्श विद्यार्थी वाटतो. तो मोठ्याने वाचतो, अडल्यावर अडलं म्हणतो, आणि वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला विचारायला त्याला लाज वाटत नाही.

अभ्यासाच्या नादात वचनाची नुसती चिरफाड होऊ नये, हेही खरं. बाराव्या शतकात दुसरा गिगो नावाच्या एका कार्थुसियन मठवाश्याने शास्त्रवाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी नुसतं देवापुढे असणं. संदर्भ, इतिहास, भाषांतरं हे सगळं पहिल्या दोन पायऱ्यांवरचं काम. ते नेटाने करावं, पण तिथेच बिऱ्हाड थाटू नये. उलट बाजूने, पहिली पायरी गाळून थेट तिसरीवर उडी मारणाऱ्याची प्रार्थना पुष्कळदा स्वतःच्याच इच्छेचा प्रतिध्वनी असते. हनन्याचं तेच झालं होतं.

तेव्हा नवख्या वाचकाला माझं सांगणं थोडकं आहे. घरातल्या भिंतीवरचं वचन घ्या. त्याचा सबंध अध्याय मोठ्याने वाचा, मग आधीचा आणि नंतरचा. कोण बोलतं, कुणाला, कोणत्या अडचणीत, हे तीन प्रश्न वहीत लिहा आणि उत्तरं त्याच पानांत शोधा. जे खटकलं ते खोडू नका, खाली ओळ मारून ठेवा आणि रविवारी पाळकांना किंवा फादरना विचारा. वचन भिंतीवरून काढायची गरज नाही. फक्त आजवर जे तुम्हाला धीर देत आलं, त्याला आता तुम्हाला चार प्रश्न विचारायचीही मुभा द्या.