पाहणाऱ्याची वाट न पाहता

चंद्रपूरच्या तटाची रेघ एका सशाने ओढली, असे इथे सांगतात. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीला निघाला होता. कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा झुडपातून बाहेर आला आणि राजाच्या कुत्र्याच्याच मागे लागला. मध्येच वळत, मध्येच उलटा फिरत त्याने कुत्र्याला दमवले. शेवटी कुत्र्याने झडप घालून त्याला मारले. राणीने ही हकिगत ऐकली आणि सांगितले, ज्या वाटेने ससा धावला त्याच वाटेने तट उभारा. सुमारे अकरा किलोमीटरचा हा तट पुढच्या पिढ्यांनी पुरा केला.

ही कथा इतिहासाला मान्य होते की नाही, याच्याशी मला कर्तव्य नाही. आपल्या नगराची सीमा धावत्या जनावराच्या पावलांनी आखली गेली, असे ज्यांच्या मनात आले आणि ज्यांनी ते शतकानुशतके मनात जपले, त्यांच्यात एक चित्रकार नक्की होता. तटाचा बराच भाग मधल्या काळात झाडाझुडपांनी आणि कचऱ्याने गिळला होता. २०१७पासून इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी तो हाताने साफ करायला घेतला, तेव्हा कुठे बुरुजामागून बुरुज पाहत ती वळणे पायांनी अनुभवता येऊ लागली. चालता चालता तट एकाएकी का वळतो, असा प्रश्न पडतो आणि मग ससा आठवतो.

जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर. तटाच्या या चार दरवाजांवर गोंड राजांचे चिन्ह कोरलेले आहे: हत्तीवर मात करणारा सिंह. हत्ती एवढासा आणि सिंह प्रचंड. ज्या मुलखात हत्तीचे बळ सगळ्यांना ठाऊक होते, तिथे ही मापे उलटी करून दाखवायला कारागिराला धीर लागला असणार. जटपुरा दरवाजाखालून दिवसभर रिक्षा, स्कूटर, शाळेच्या गाड्या जातात. मान वर करायला कुणाला फुरसत नसते, आणि त्या सिंहाचेही त्यावाचून काही अडत नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मी अशीच कामे शोधत फिरते. कलादालनात चित्र आपली वाट पाहत असते. त्यावर दिवा सोडलेला असतो, खाली नाव लिहिलेले असते. इथे तसे काही नाही. धानाच्या बांधावर, बोडीच्या काठी, कोळशाच्या खाणीजवळ किंवा साजाच्या झाडाखाली एखादे अजब काम पडलेले असते, आणि ते कुणासाठी केले हे विचारायला करणारा उरलेला नसतो. मला पकडून ठेवते ते हेच. इथली सगळ्यात धाडसी कला पाहणाऱ्यावर विसंबून घडलेलीच नाही.

याचा सर्वांत मोठा पुरावा शहराच्या दक्षिणेला, लालपेठेत आहे. हा सगळा भाग कोळशाचा. ट्रकांची ये-जा आणि पानापानावर काळी भुकटी. त्या गर्दीत एका आवारात अवाढव्य दगडी मूर्ती उघड्यावर आहेत. रायप्पा नावाच्या कोमटी सावकाराने शिवाचे भव्य देऊळ बांधायचे ठरवले, मूर्ती आधी घडवायला घेतल्या, आणि देऊळ उभे राहण्यापूर्वीच तो वारला, अशी माहिती सांगतात. काळ गोंड राजांचा. लोक या जागेला अपूर्ण देवालय म्हणतात. शिवलिंग आहे, गणपती आहे, मासा आहे, कासव आहे. आणि मधोमध पाठीवर पसरलेली एक दहा तोंडांची आकृती, लांबी पंचवीस फुटांच्या आसपास.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा बाजूच्या घरातली एक आजी ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. तिने हाक मारून विचारले, ‘रावन पाहाले आली का माय?’ जाणकार सांगतात, ही दशमुखी दुर्गा आहे. वस्तीच्या मनात मात्र तो रावण आहे. मी त्या आकृतीभोवती फिरत राहिले आणि दोघांनाही नाकारता येईना. डोक्यांची ती आडवी रांग, दोन्हीकडे पंख्यासारखे उलगडलेले हात, हातातली आयुधे, आणि हे सारे उभे नसून आडवे. उभ्या मूर्तीसमोर आपण खाली असतो. इथे आपण वरून पाहतो, जणू एखादा देव झोपेत सापडला. आणि संपूर्ण आकृती एका नजरेत मावतच नाही. पायांशी उभे राहिले तर तोंडे लांब पडतात, तोंडांशी गेले तर पाय हरवतात. चालत चालतच ती जोडावी लागते.

‘अपूर्ण’ या पाटीमुळे आपण या मूर्तींकडे कीव करत पाहतो, याचे मला वाईट वाटते. देऊळ अपुरे राहिले हे खरे. पण देवळात गेल्या असत्या तर या मूर्तींना काय मिळाले असते? गाभाऱ्याचा अंधार, तेलाचा थर, शेंदूर, आणि समोरून दिसणारी एकच बाजू. रायप्पाच्या मृत्यूने त्यांना आकाश मिळाले. पावसाळ्यात खळग्यांत पाणी साचते आणि दहा तोंडांपैकी काहींच्या डोळ्यांत ढग उतरतात. मार्चच्या तिसऱ्या प्रहरी ऊन तिरपे झाले की छिन्नीचे घाव एकेक करून वर येतात. कुठे हात घाईचा आहे, कुठे सावकाश. कुठे कारागीर थांबून विचार करत होता, तेही दिसते. पूर्ण झालेल्या मूर्तीत हे सगळे घासून पुसून टाकलेले असते.

तिथून वैनगंगेकडे यावे. चामोर्शीजवळ मार्कंडा येथे नदी वळून उत्तरेकडे वाहते, आणि त्या वळणावर, उंच काठावर, देवळांचा समूह आहे. याला विदर्भाचे खजुराहो म्हणतात. मला ही ओळख आवडत नाही. उसन्या नावाने सांगावे लागेल एवढे हे ठिकाण गरीब नाही. मुख्य देवळाच्या भिंतींवर देव, अप्सरा, योद्धे, प्रेमिक यांच्या ओळीवर ओळी आहेत. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम १८७०च्या दशकात इथे आला तेव्हा त्याने चारशेच्या वर आकृत्या मोजल्या; मध्ये मध्ये येणारे हत्ती आणि व्याल वेगळेच. वीज पडून शिखर ढासळल्याची आठवण तेव्हाही गावात होती.

त्याच दौऱ्यांच्या काळात त्याचा सहायक जोसेफ डेव्हिड बेगलर याने मार्कंड्याची छायाचित्रे घेतली. तेव्हा छायाचित्र घेणे म्हणजे काय होते, ते जरा डोळ्यांसमोर आणावे. काचेच्या जड पट्ट्या, रसायनांच्या बाटल्या, लाकडी कॅमेरा, तिवई, काळा तंबू, सगळे बैलगाडीतून. काचेवर चिकट द्रव पसरायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच तिच्यावर चित्र घ्यायचे. उन्हाळ्यात काच काही मिनिटांत सुकते, आणि सुकली की संपले. ही रीत त्या काळी सगळीकडची, पण वैनगंगेच्या काठावरच्या उन्हात ती पाळायची म्हणजे देवळापाशीच तंबू ठोकून घामाघूम होत धावपळ करायची. त्यात माणसे हलली की त्यांचे धुके होते. हलत नाही तो फक्त दगड. म्हणून त्या काळातल्या अशा चित्रांत देवळे विलक्षण स्पष्ट आणि गावे निर्जन दिसतात. गावे निर्जन नव्हती. ती त्या काचेच्या वेगात बसली नाहीत.

बेगलरला सरकारी नोंद हवी होती, कलाकृती नव्हे. तरी ढासळलेल्या दगडांचा तो ढीग, त्यावर उगवलेली झाडे आणि मागची भिंत यांच्यात त्याने जी चौकट धरली, तिच्यात मला एक मोठी समज दिसते. पडझड त्याने लपवली नाही. आज हौशी माणूस मार्कंड्याला जातो आणि एखादी अप्सरा तेवढी जवळून टिपून आणतो. बाजूचा तुटलेला हात, दुरुस्तीसाठी उतरवून आकडे घातलेले दगड, लाकडी-लोखंडी पहाड, हे सगळे चौकटीबाहेर ठेवतो. मला ते आकडे घातलेले दगड फार सुंदर वाटतात. भिंतीतून निघून गवतात मांडलेली एक नर्तकी, तिच्या कमरेपाशी रंगाने लिहिलेला क्रमांक, आणि शेजारी तिचाच पाय वेगळ्या दगडात. महाशिवरात्रीच्या यात्रेत बायाबापड्या त्याच्या बाजूने जातात, कुणी त्या पायालाही हात लावून नमस्कार करते.

आणखी दक्षिणेला, भामरागडकडे, जंगल दाट होत जाते. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या जिथे मिळतात तो हा मुलूख माडिया गोंडांचा. रस्त्याच्या कडेला मध्येच उभे दगड लागतात, कधी एकटे, कधी रांगेने. गेलेल्या माणसासाठी नातेवाइकांनी उभा केलेला दगड. महापाषाण युगाचे म्हणून जे आपण विदर्भात उत्खननांत पाहतो, तशी रीत इथे अजून जिवंत आहे. या दगडांवर कोरीव काम नसते. कला आहे ती निवडण्यात. कोणता दगड, किती उंच, कुठल्या बाजूला तोंड, शेजारच्यापासून किती अंतर. एक रुंद खांद्यांचा, एक कललेला, एक बुटका. पाहत राहिले की रांगेचे कुटुंब होते.

इंद्रावतीच्या पलीकडे, दक्षिण बस्तरात, हेच स्मारक लाकडी खांबाचे रूप घेते. त्यावर पक्षी, हरणे, नाचणारी माणसे, शिकारी असे कोरलेले असते. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांनी १९५१ साली मध्य भारताच्या आदिवासी कलेवर जे पुस्तक काढले त्यात हे खांब आहेत. त्याच एल्विनबरोबर १९४०च्या दशकात सुनील जाना कॅमेरा घेऊन या जंगलपट्ट्यात फिरले. बंगालच्या दुष्काळाची भीषण छायाचित्रे घेणारा हा माणूस. इथे आल्यावर त्यांच्या चौकटीत उजेड भरला. त्यांच्या छायाचित्रांतली माणसे कॅमेऱ्याला घाबरलेली नाहीत आणि त्याच्यासाठी नटलेलीही नाहीत. फोटो घेणारा आधी तिथे राहिला होता, जेवला होता, एवढे त्यातून कळते.

हे मुद्दाम सांगते, कारण १९८२ साली वेगळा जिल्हा झाल्यापासून गडचिरोली महाराष्ट्राला मुख्यतः बंदुकीच्या छायाचित्रांतून माहीत झाली. स्फोटाने उलटलेली गाडी, मांडलेली हत्यारे, गणवेश. ती छायाचित्रे खोटी नव्हती. पण चाळीस वर्षे एका जिल्ह्याचा एवढाच चेहरा छापला गेला तर बाकीचे पाहण्याची सवयच मोडते. गोंड कला म्हटली की अनेकांना चित्रकार जनगढ सिंह श्याम आणि त्यांच्या पाटनगढची ठिपक्या-रेघांची चित्रे आठवतात. ती थोर आहेतच. भोपाळच्या भारत भवनामुळे ती जगापुढे गेली. भामरागडच्या उभ्या दगडाला मात्र कागदावर उतरून कुठे जाता येत नाही. त्याच्याकडे आपल्यालाच जावे लागते, आणि परवानगी मागून, कारण ते कुणाचे तरी आजोबा असतात.

छायाचित्र म्हटले की चंद्रपुरात आज एकच नाव ऐकू येते, ताडोबा. १९५५ सालचे राष्ट्रीय उद्यान, १९९५पासून व्याघ्र प्रकल्प. मोहर्लीच्या फाटकावर पहाटे लांब नळ्यांच्या कॅमेऱ्यांची गर्दी असते. त्यातून येणारे वाघाचे चेहरे एकसारखे झाले आहेत. सोनेरी, धारदार, पार्श्वभूमी विरघळलेली. जंगल कुठले ते कळूच नये असे. दीप काठीकर यांनी ताडोबाच्या निमढेल्यात टिपलेले दृश्य २०२४च्या सुरुवातीला सगळीकडे पाहिले गेले ते वेगळे होते म्हणून. भानुसखिंडी वाघिणीचे पिल्लू पाणवठ्यातली प्लास्टिकची बाटली तोंडात धरून चालले आहे. त्यात वाघ आहे, आणि आपणही आहोत, आपण टाकलेल्या बाटलीच्या रूपाने.

पण मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती ज्यांना छायाचित्रकारच नाही अशा चित्रांची. १९२०च्या दशकात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वन अधिकाऱ्याने हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलात वाटेवर तार लावून वाघाच्याच पावलाने वाघाचा फोटो घ्यायची युक्ती साधली. आज तेच काम झाडाला बांधलेली कॅमेऱ्याची पेटी करते. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन, म्हणजे दोन्ही कुशींचे पट्टे मिळतात. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. ऊब हलली की पेटी जागी होते. २०१८च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले गेले. छायाचित्रे निघाली ३ कोटी ४८ लाखांहून अधिक. त्यात वाघांची ७६,६५१ आणि बिबट्यांची ५१,७७७.

उरलेल्या साडेतीन कोटींच्या घरातल्या चित्रांचा विचार मी पुष्कळदा करते. गणनेच्या कामाची नसल्याने ती बाजूला पडतात. वाऱ्याने हललेले गवत. चौकटीच्या एका कोपऱ्यात सांबराचा फक्त कान. साळिंदराच्या पाठीवरचे काटे आणि त्यांवर उडालेला उजेड. पाऊस, पडद्यासारखा. भिंगाला नाक लावून हुंगणारे अस्वल, म्हणजे सगळी चौकट नाकाची. कुणी नेम धरलेला नाही, कुणी क्षणाची वाट पाहिलेली नाही, आणि तरी मांडणी अशी येते की निष्णात चित्रकाराने पुन्हा पुन्हा पाहावी. त्या चित्रांत मोह वेचायला निघालेल्या बाया आणि पोरेही येतात. ती मात्र पुसूनच टाकली पाहिजेत, त्यांनी त्या पेटीला होकार दिलेला नसतो.

ताडोबातल्या अशा टाकलेल्या चित्रांचे एक प्रदर्शन चंद्रपुरात व्हावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मुंबई-पुण्याला नको, इथेच, जटपुरा दरवाजाच्या आसपास एखाद्या शाळेच्या दालनात, बाजाराच्या दिवशी, म्हणजे खेड्यांतून आलेल्या माणसांना जाता जाता आत डोकावता येईल. तिकीट नसावे. जंगलाकाठच्या गावांतल्या गुराख्यांना आणि वनमजुरांना आधी बोलवावे आणि ते जे सांगतील ते लिहून घ्यावे; हा कान कोणत्या ऋतूतला, हे गवत कोणत्या नाल्याकाठचे, हे त्यांच्याइतके कुणाला कळणार? आणि चित्राखाली छायाचित्रकाराच्या नावाची जागा धरू नये. पेटीने स्वतःच कोपऱ्यात छापलेली तारीख, वेळ आणि तापमान तेवढे राहू द्यावे.