अर्धशिशी : नाटक नव्हे, आजार!

'हिचं डोकं काय, रोजच दुखतं!' हे वाक्य आपल्या घराघरांतून सर्रास ऐकू येते. बोलणाऱ्याला त्यात वावगे वाटत नाही. पण अंधाऱ्या खोलीत डोक्याला फडके बांधून पडलेल्या बाईला ते दुखण्याहून जास्त लागते. अर्धशिशी हा मेंदूचा आजार आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दुपटी-तिपटीने आढळतो. शेजारच्या कर्नाटकातील, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर चार प्रौढ माणसांमागे एकाला वर्षभरात हा त्रास झाल्याचे दिसले.

आम्ही कामोठ्यात राहतो. आमच्या वहिनी तळोजा औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या कामाला जातात. पहाटे चारला उठून सगळ्यांचे डबे करायचे आणि नुसत्या चहावर सातची पाळी गाठायची. महिन्यातून सहा-सात दिवस डोके उठायचे. खाडा झाला की रोज बुडतो, म्हणून दुकानातून गोळी घेऊन त्या कामावर जात. पुढे पुढे गोळी दिवसाआड झाली. खरा धोका येथेच आहे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, मिश्र गोळी 10 किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले, तर गोळीच डोकेदुखी वाढवू लागते.

डॉक्टरांनी औषध बदलून दिले आणि डोकेदुखीची वही ठेवायला सांगितली. वहीने काय होणार, असे घरात सर्वांनाच वाटले. त्याचे उत्तर आम्हाला केनेथ होलरॉइड यांच्या संशोधनात मिळाले. हे मानसशास्त्रज्ञ अमेरिकेतील ओहायो विद्यापीठात प्राध्यापक होते. मानसशास्त्रज्ञाने अभ्यास केला म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. झटका कशाने येतो, तो येताना काय करावे, हे माणसाला शिकवता येते का, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

1990 साली त्यांनी व डोनाल्ड पेंझियन यांनी अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र मांडले. एका बाजूला प्रोप्रॅनोलॉल हे औषध. दुसऱ्या बाजूला अंग सैल सोडण्याचे आणि यंत्रावर पाहत हात ऊबदार करण्याचे शिक्षण. दोन्हीकडे डोकेदुखी सरासरी 43 टक्क्यांनी घटली होती.

पुढे 232 रुग्णांवरचा त्यांचा प्रयोग 2010 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. झटक्याच्या वेळी घ्यायचे योग्य औषध सर्वांनाच दिले होते. त्याशिवाय काहींना रोजचे प्रतिबंधक औषध, काहींना वर्तणुकीचे प्रशिक्षण, तर काहींना दोन्ही दिले. एकाचीच जोड मिळालेल्यांना जादा फायदा झाला नाही. त्यांचे झटके महिन्याला सुमारे दोनाने कमी झाले, आणि जोड न मिळालेल्यांचेही तेवढेच. दोन्ही मिळालेल्यांचे मात्र 3.3 ने कमी झाले. आपलाच विषय एकटा अपुरा पडतो, हे त्यांनी आकड्यांनिशी छापले. आम्हा जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो.

वहिनींच्या वहीत दोन महिन्यांत चित्र स्पष्ट झाले. बहुतेक झटके उपाशीपोटी पाळी केलेल्या दिवशी, नाहीतर अपुऱ्या झोपेनंतर आलेले होते. पण 'वेळेवर खा, पुरेसे झोपा' एवढे बाईला सांगून काय होणार? पहाटेचे डबे कोण करणार? बदल एकटीने करायचा नसतो, तो घराने करायचा असतो. आता दादा आणि मोठा मुलगा डबे करतात. वहिनी खाऊन निघतात, रात्री दहा मिनिटे शांत बसून श्वास संथ करतात, आणि गोळी डॉक्टरांनी सांगितली तेवढीच घेतात. झटके तीन-चारवर आले आहेत. आजार गेलेला नाही. पण खाडे कमी झाले आहेत.

बंधु-भगिनींनो, दहा रुपयांची वही आणा. तारीख, वेळ, झोप, जेवण, पाळीचे दिवस आणि घेतलेली गोळी लिहा. ती घेऊन डॉक्टरांकडे जा. प्रोप्रॅनोलॉल स्वतःहून घेऊ नका. दमेकऱ्याला ते घातक ठरू शकते. डोके एकाएकी असह्य दुखले, सोबत ताप व मान ताठ झाली, बोलणे अडखळले किंवा हात-पाय लुळा पडला, तर वही बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठा. आणि घरातल्या पुरुषांनो, त्या वहीतले एक पान तुम्हीही वाचा.