कुफस्टाइनचा पेला

म्युनिकहून इन्सब्रुककडे निघालेली आगगाडी तासाभरात जर्मनीची हद्द ओलांडते आणि कुफस्टाइन येते. स्टेशनाबाहेर हिरवट पाण्याची इन नदी, पलीकडे खडकावर ऐसपैस बसलेला किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी टुमदार गाव. किल्ला दिसला की मराठी माणसाला बरे वाटते. माझ्या पोटात मात्र गोळा आला. त्या गावात माझे व्याही राहतात, आणि त्यांना मी प्रथमच भेटणार होतो.

धाकटीने म्युनिकला नोकरी करता करता तिकडेच लग्न ठरवले, तेव्हा मी लग्नाला गेलो नाही. प्रकृतीचे कारण कळवले. खरे कारण घरात सर्वांना ठाऊक होते. आमच्या एका काकांच्या दारूपायी दोन संसार धुळीला मिळाले. वडिलांना मी दिलेला शब्द आजवर पाळला आहे. आणि मुलगी पडली ती अशा घरात, जिथे जेवणाबरोबर वाईन पाण्याइतकी सहज! तीन वर्षांनी सौ. म्हणाली, "तुम्ही येत नसाल तर मी एकटी जाते." तेव्हा मी दोन तिकिटे काढली.

व्याही निवृत्त शाळामास्तर निघाले. उंच, सडसडीत, बोलणे मोजके. नदी ओलांडतो तोच बाराचा सुमार झाला आणि किल्ल्याच्या बुरुजातून ऑर्गनचे गंभीर सूर साऱ्या गावावर पसरले. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्यांच्या स्मरणार्थ 1931 साली बसवलेला हा ऑर्गन रोज दुपारी बाराला वाजतो. व्याही टोपी काढून उभे राहिले. आम्हीही थांबलो. त्या माणसाविषयी माझे मन तिथेच थोडे निवळले.

मग ते आम्हांला रीडेल नावाच्या काचकारखान्यात घेऊन गेले. हे घराणे मूळचे बोहेमियाचे, अठराव्या शतकापासून काच करणारे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथले सारे हातचे गेले आणि 1956 साली कुफस्टाइनला त्यांनी नव्याने भट्टी पेटवली. त्यांच्यातल्या क्लाउस रीडेल यांनी एक निराळीच गोष्ट धरून ठेवली. तोवर उंची पेला म्हणजे नक्षीचा, रंगीत, जड. ह्यांनी नक्षी पुसली, रंग काढला, काच कागदासारखी पातळ केली आणि म्हटले, पेल्याचा आकार आतल्या वाईनने ठरवावा. त्यांचा 1958 सालचा मोठ्या पोटाचा पेला न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात ठेवलेला आहे. 1973 साली त्यांनी निरनिराळ्या वाइनींसाठी निरनिराळ्या पेल्यांची मालिकाच काढली.

भट्टीपाशी कारागीर लोखंडी फुंकणीच्या टोकाला लालभडक काचेचा गोळा घेत, साच्यात धरून फुंकत. फुंकर सरली की पेल्याचे पोट तयार! सौ. माझ्या कानाशी कुजबुजली, "आमची फुंकणी चूल पेटवते, ह्यांची संसार चालवते."

संध्याकाळी मात्र ज्याची धास्ती होती तो प्रसंग आला. टेबलावर प्रत्येकापुढे तीन पेले: एक भोपळ्यासारख्या पोटाचा, वर निमुळता होत गेलेला; दुसरा उंच, जरा सरळ अंगाचा; तिसरा साधा पाणी प्यायचा. व्याह्यांनी ब्लाउफ्रेंकिश नावाच्या द्राक्षाची लाल वाईन तिन्हींत थोडी थोडी ओतली. मी हात मांडीवरच ठेवले. मुलगी माझ्याकडे पाहीना. जावई बशीतला पाव उगाच चिवडू लागला.

सौ.ने कोंडी फोडली. लेकीला म्हणाली, "त्यांना सांग, आमच्याकडे घ्राणेन अर्धभोजनम् म्हणतात. हे नुसता वास घेतील."

मुलीने जर्मनमध्ये सांगितले आणि व्याह्यांचा चेहरा उजळला. "पेला नाकासाठीच असतो," ते म्हणाले.

मी साध्या पेल्यात नाक घातले. आंबूस, उग्र काहीतरी आले आणि विरून गेले. मग भोपळ्या पेला. त्यांनी दाखवल्याप्रमाणे देठाला धरून हलकेच गोल फिरवला. आत जांभूळ होते! पिकलेले, जीभ जांभळी करणारे. मागून मिऱ्याचा झणका. एकाच बाटलीतली वाईन ना ही? मी पुन्हा हुंगले. खरेच जांभूळ.

मुलगी समजावू लागली, "बाबा, पडसं झालं की पुरणपोळी कागदासारखी लागते ना? आपण चव म्हणतो ती बरीचशी नाकानेच घेतो. पसरट पोटात वाईनचा पृष्ठभाग मोठा मिळतो, फिरवली की सुगंध सुटतो आणि निमुळत्या तोंडामुळे तो आत कोंडून राहतो. म्हणून पेला तिसरा हिस्साच भरायचा." जपानी संशोधकांनी 2015 साली खास कॅमेऱ्याने पेल्यावरची मद्यार्काची वाफ टिपली. 13 अंशांवर ती वाईनच्या पेल्याच्या काठाशी कड्यासारखी जमते आणि मधोमध कमी असते. म्हणजे मध्ये नाक धरले की झोंबरेपणा कमी, सुगंध जास्त. सरळ पेल्यात असे कडे दिसले नाही.

व्याही पुढे गेले. उंच पेल्याचा काठ वाईन जिभेच्या अमुक भागावर सोडतो, तिथेच गोड कळते, वगैरे. मुलगी अडखळली, मग हसून मला मराठीत म्हणाली, "हे काही खरं नाही. हेनिग नावाच्या जर्मन माणसाच्या 1901 सालच्या प्रयोगाचा पुढे विपर्यास झाला. सगळ्या चवी सगळ्या जिभेला कळतात. पण मी कसं सांगू त्यांना?"

"सांगायचं कशाला?" सौ. म्हणाली. "डोळे बांधा!"

मुलीने भाषांतर केले. माझ्या अंगावर काटा आला. पण विहीणबाई हसत हसत आपला रेशमी स्कार्फ घेऊन आल्या. व्याह्यांचे डोळे बांधले. आकार हाताला कळू नये म्हणून मुलगी एकेक पेला त्यांच्या नाकाशी धरी. तीन फेऱ्या झाल्या. साधा पेला त्यांनी दर वेळी अचूक ओळखला. उरलेल्या दोघांत मात्र एकदा बरोबर, दोनदा चूक.

पट्टी सुटल्यावर मुलीने खरे ते सांगितले. क्षणभर शांतता. मग त्यांनी तोच स्कार्फ उचलून माझ्यापुढे धरला. मी निमूटपणे डोळे बांधून घेतले. निकाल तोच! साधा तेवढा ओळखला, बाकी गोंधळ. ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. "चाळीस वर्षं मी दोन पेले घासत आलो," ते म्हणाले, "एकावर भागलं असतं!"

त्या रात्री मुलगी माझ्या खोलीत आली. लग्नाविषयी ती बोलली नाही, मीच बोललो. "मी यायला हवं होतं," एवढेच म्हणालो. तिने माझे पांघरूण नीट केले, लहानपणी मी तिचे करीत असे तसे.

निघताना व्याह्यांनी भोपळ्या पेला वर्तमानपत्रात गुंडाळून हाती दिला. सौ.ने तो साड्यांच्या घडीत घालून पुण्याला सुखरूप आणला. वैशाखात मी त्यात माठातले वाळ्याचे पाणी ओततो, तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच, फिरवतो आणि आधी हुंगतो. फुलपात्रातल्या पाण्याला एवढा वास येत नाही. थोडे श्रेय काचेचे असेल, थोडे देणाऱ्याचे. डोळे बांधून ते अजून तपासलेले नाही.

ह्या पाडव्याला व्याही-विहीणबाई आमच्याकडे येत आहेत. पेला एकच आहे. "कुणाला द्यायचा?" सौ. विचारत होती.

मी म्हटले, "पेला त्यांना, फुलपात्र मला. आणि तुझा एक मोठा रुमाल तेवढा धुऊन ठेव."