गोळ्या सोडल्यावर

आम्ही दोघी जावा. इंदुरात रामबागेतल्या जुन्या घरी एकाच स्वयंपाकघरात वावरतो. गेल्या वर्षी दोन महिन्यांच्या अंतराने आम्ही दोघींनी कुटुंबनियोजनाच्या गोळ्या बंद केल्या. थोरलीने रक्तदाब वाढला म्हणून, धाकटीने मूल हवे म्हणून. गोळ्या सुरू कशा कराव्यात हे सांगणाऱ्या पुष्कळ भेटल्या होत्या. सोडल्यावर काय होते, याविषयी मात्र घरात एक अवाक्षर कधी निघाले नव्हते.

पाकिटात 28 गोळ्या असतात. 21 संप्रेरकांच्या आणि 7 लोहाच्या. लोहाच्या गोळ्यांच्या दिवसांत जो स्राव होतो ती खरी पाळी नव्हेच. संप्रेरकांचा पुरवठा थांबला की गर्भाशयाचे अस्तर गळते, इतकेच. बीजकोश निजलेलेच असतात. हे डॉक्टरीणबाईंनी समजावले तेव्हा धाकटी म्हणाली, "मग सात वर्षे कालनिर्णयावर आपण खुणा कशाच्या करत होतो?"

संप्रेरके अंगात साठून राहत नाहीत; काही दिवसांतच निघून जातात. मेंदूतील पियूषिका आणि बीजकोश यांचा संवाद पुन्हा जुळायला मात्र कुणाला दोन आठवडे लागतात, कुणाला तीन महिने. आणि बीज सुटते ते पहिल्या पाळीच्या आधी. म्हणून जिला दिवस जायला नको असतील तिने त्याच दिवसापासून दुसरी सोय पाहावी. थोरलीने त्याच आठवड्यात तांबी बसवून घेतली. मग पाळी अशी जड झाली आणि पोटात असे दुखू लागले की कॉलेजातले दिवस आठवावेत. गोळ्यांनी इतकी वर्षे दाबून ठेवलेला त्रास किती आणि तांबीचा किती, हे वेगळे काढणे कठीणच.

धाकटीचे उलटे. अकरा आठवडे पाळीचा पत्ता नाही. हनुवटीवर पुटकुळ्या, आणि तिसऱ्या महिन्यात फणीत केसांचा पुंजका. देवासहून आलेल्या आत्याबाईंनी निदान करून टाकले: गोळ्यांनी कूस सुकते. त्या रात्री आम्ही दोघी गच्चीवर उशिरापर्यंत बसलो. बोललो फारसे नाही.

कूस सुकत नाही. गोळ्या घेतलेल्या बायकांना वर्षभरात, न घेतलेल्यांइतक्याच प्रमाणात, दिवस जातात. तीन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनाची गोष्ट वेगळी. 'अंतरा' या नावाने ते 2017 पासून सरकारी योजनेत आहे, आणि ते थांबवल्यावर सात ते दहा महिने वाट पाहावी लागू शकते. धाकटीने तीन महिने थांबून सोनोग्राफी केली. बीजकोशांत बारीक गाठी दिसल्या, रक्ततपासणीनेही तेच सांगितले. सोळाव्या वर्षीसुद्धा तिची पाळी दोन-दोन महिने लांबत असे. गोळ्यांच्या नेमस्त महिन्यांत ते सगळेच विसरून गेले होते. दुखणे जुनेच, पांघरूण तेवढे निघाले.

र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. ते 1953 मध्ये गेले. अमेरिकेत गोळीला मान्यता मिळाली 1960 साली. ती त्यांच्या हयातीत आली असती, तर 'समाजस्वास्थ्या'त ती सोडण्याविषयीही एखादे रोखठोक उत्तर छापून आले असते, असे आम्हांला राहून राहून वाटते.

एका दुपारी मेथी निवडताना सासूबाई आपणहून बोलल्या. त्यांनीही माला-डी घेतली होती, तांदळाच्या डब्यात लपवून. सोडल्यावर दोन महिने पाळी आली नाही तेव्हा विचारायला कुणी नव्हते. "तुम्ही दोघी आहात, हे बरे आहे," इतकेच म्हणून त्यांनी काड्या गोळा केल्या.

औषधे सुरू झाल्यापासून धाकटीची पाळी चाळीस दिवसांनी येते. दिवस अजून गेलेले नाहीत. फॉलिक ॲसिडची गोळी गर्भ राहण्याआधीपासूनच घ्यायची असते. ती रोज सकाळी दुधाच्या पेल्याशेजारी सासूबाईच काढून ठेवतात, ओट्यावर, सगळ्यांना दिसेल अशी.